तात्यांची घोंगडी

भोंगवली, ता. भोर
बुधवार, २९ जानेवारी २०२५
पौष अमावस्या

तीर्थरूप ठकुआक्कास,

धाकट्या गोरखचा वाकून नमस्कार. हितं मी बरा आहे. तिकडं तू, दाजी, वैष्णवी आणि गोठ्यातली सगळी बरी असतील असं धरून चालतो, कारण कळायला दुसरी वाट न्हाई. दाजी माझा फोन उचलत न्हाईत. उचलावा असं माझं म्हणणंही न्हाई. म्हणून कागद घेतला. कागद मधेच कट करता येत न्हाई. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस चार ओळी तरी वाचतोच.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे तुझं तुला वाचता येईल. येरवड्यात एक मास्तर शिकवायला यायचे, त्यांनी गिरवून घेतलं. शाळेत नऊ वर्षं जे जमलं न्हाई ते तिथं दोन वर्षांत जमलं. आई असती तर तिला दाखवलं असतं. ती म्हणायची, ह्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा.

आज अमावस्या, गुऱ्हाळ बंद, म्हणून लिहायला सवड आहे. व्हय आक्का, मी कामाला लागलोय, गुळाच्या गुऱ्हाळावर. पण ते सरळ मिळालं न्हाई. आधीचं सांगितल्याशिवाय त्याची गोडी तुला कळायची न्हाई.

ऑगस्टात सुटून आलो तेव्हा वाटलं होतं, गावात कुणीतरी शिव्या घालील. मी तयारी करून आलो होतो. कुणी एक शिवी दिली न्हाई, तेच अवघड गेलं. पारावर जाऊन बसलो की माणसं उठायची, म्हणायची, चला, धारा काढायची वेळ झाली. दुपारी बाराला कसल्या धारा! भात कापणीला माणूस मिळत न्हाई म्हणून सगळा गाव बोंबलत होता, आणि मी विळा घेऊन बांधावर उभा राहिलो तर म्हणाले, आमची माणसं पुरी झाली. शेतात दोन बाया होत्या.

मग वेल्ह्यात एका हॉटेलात लागलो. तोरणा उतरून आलेली पुण्याची पोरं पिठलं-भाकरीवर तुटून पडतात, त्यांच्या ताटल्या घासायचं काम. नऊ दिवस बरं चाललं. दहाव्या दिवशी मालकानं स्वतःच्या हातानं चहा दिला आणि समोर बसला. मालक हातानं चहा देतो तेव्हाच समजायचं. वाईट बोलला न्हाई बिचारा. म्हणाला, गोरख, तुझ्याबद्दल माझी तक्रार न्हाई, पण लोकं विचारतात.

हायवेला एका कंपनीत लेबर घेत होते. फॉर्मवर शेवटचा रकाना होता, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का. मी ‘होय’ लिहिलं, मास्तरांनी शिकवलेल्या अक्षरात. तिथला साहेब म्हणाला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा. मी म्हटलं, साहेब, दाखल्यात जे येणार ते मी हितं आधीच लिहिलंय की. त्याला हसू आलं, पण फॉर्म त्यानं दुसऱ्या ढिगात ठेवला. पोल्ट्रीवर तेच, वीटभट्टीवर तेच. शेवटी नसरापूरच्या बाजारात पोती उतरवायला जाऊ लागलो. पोती उतरवणाऱ्याला कुणी नाव विचारत न्हाई.

तिथं स्वरूप भेटला. भोंगवलीच्या एका गुऱ्हाळाचा गूळ तो टेम्पोनं बाजाराला आणतो. बोलता बोलता म्हणाला, आमच्या बाईंना चुलवाणावर गडी पाहिजे, टिकत कुणी न्हाई. मी त्याच्याच टेम्पोत चढून बसलो. परत यायला एसटी आहे का हेसुद्धा विचारलं न्हाई.

बाई म्हणजे धोंडाबाई. साठीच्या असतील. नवरा गेल्यापासून गुऱ्हाळ एकट्या चालवतात. दातांना मिसरी, हातात काठी. काठी टेकायला न्हाई, दाखवायला. मी पुढ्यात उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की बाई, मी आत जाऊन आलोय, मागनं कळून हाकलण्यापेक्षा काय ते आत्ताच बोला. कशापायी, म्हणाल्या. मी म्हटलं, राब भाजताना वणवा लागला, माणूस गेला. इकडं ऊसवाल्या मुलखात राब कुणाला ठाऊक न्हाई, म्हणून तेही सांगावं लागलं, की भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेणपालापाचोळा पसरून पेटवायचा, जमीन भाजून घ्यायची.

बाईंनी काठी चुलवाणाकडं केली. मग म्हणाल्या, “चुलवाणावर बसशील?”

मला वाटलं थट्टा करतात. चुलवाण म्हणजे रस उकळायच्या मोठ्या काहिलीखालची भट्टी. दिवसभर तिच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारायची. ज्याच्या हातनं डोंगर जळला त्याला विस्तव सांभाळायला देतं का कुणी? तसं मी तोंडानं बोललोही.

“मागला गडी जाळाला भीत न्हवता,” त्या म्हणाल्या. “माझी चिपाडाची गंजी जाळून गेला. मला भिणाराच पायजे.”

आक्का, सहा वर्षांत माझ्या त्या भीतीला कुणी किंमत दिली नव्हती. मी मान खाली घातली, डोळे भरले होते ते त्यांना दिसू नयेत म्हणून. दिसले असणार.

आता दीड महिना झाला. पहिल्या दिवशी चुलवाण पेटवताना चार काड्या वाया गेल्या. वर काहिलीपाशी सावळा म्हणून गुळव्या असतो, गूळ कधी झाला ते ओळखणारा. रसावरची नजर हलवत न्हाई आणि वरनं ओरडतो, जाळ वाढीव, जाळ वढ. मला ‘तुरुंग’ म्हणूनच हाक मारायचा. म्हणजे चिडवायला, मनात काही न्हाई. आता ‘गोरखशेठ’ म्हणतो, तेही चिडवायलाच. सकाळी पाचला मी गेलो की बाई विचारतात, आलास का. आक्का, ‘आलास का’ असं कुणीतरी विचारणं काय असतं ते तुला न्हाई कळायचं, तुला रोज म्हशीसुद्धा विचारत असतील.

थंडी मातर लई आहे हितं, नदीचं वारं लागतं. पण शेडमधी जागा दिलीय, पोटभर भाकरी आहे, काकवी तर पाण्यासारखी. तक्रार करायला काही न्हाई.

तात्यांबद्दल काय लिहू. तुझे सासरे, पण मला कधी परकं धरलं न्हाई त्यांनी. कोर्टात बोललो तेच पुन्हा लिहितो. तात्या वर शेरडं घेऊन गेलेत हे मला ठावं असतं तर मी काडी लावली नसती. असो.

दाजींना सांग, ह्या वर्षी राब एकट्यानं भाजू नका. मी सांगितलं असं सांगू नकोस. स्वरूप दर बाजाराला नसरापुरात असतो, वेल्ह्याच्या एसटीपाशीच टेम्पो लावतो. काही धाडायचं झालं तर त्याच्याकडं दे. न्हाई धाडलंस तरी चालंल. हे फाडू नकोस एवढंच.

तुझा धाकटा,
गोरख


भोंगवली
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५
माघ अमावस्या

आक्का,

नमस्कार. काल महाशिवरात्र झाली, तुझा उपास असणार, आणि उपास सोडायच्या आधी सगळ्यांना वाढून तूच शेवटी बसली असणार. आज जेवून घे आणि मग हे पत्र वाच. एकटीनं वाच. वैष्णवीला वाचायला देऊ नकोस. वेळ लागला तर लागू दे, अक्षर आणखी मोठं काढलंय.

घोंगडी पोचली. स्वरूपनं गाठोडं हातात दिलं तेव्हा मला वाटलं तू चार भाकरी बांधून दिल्या असशील. सोडलं आणि बघतच राहिलो. तात्यांची घोंगडी मी आंधळा झालो तरी ओळखीन. तिच्या काठाला तू लाल दोऱ्यानं घातलेले टाके आहेत. त्या लाल दोऱ्यावरनं तात्या सगळ्या वाडीला सांगायचे की आमच्या सुनंनं घोंगडीला जरीचा काठ लावलाय.

त्यातली वैष्णवीची चिठ्ठी मी पाठ केलीय. ती लिहिते, “मामा, आई म्हणते थंडी असेल. ही आजोबांची. आई म्हणते, तुला आजोबा वर आहेत हे माहीतच नव्हतं, मग तुझा दोष किती धरायचा. बाबांनाही आई तेच म्हणाली. मग पेटीतून घोंगडी बाबांनीच काढली आणि दोन दिवस उन्हात टाकली.”

चिपाडाच्या गंजीमागं जाऊन मी रडलो आक्का, पोरासारखा. दाजींनी घोंगडी उन्हात टाकली! माझ्यासाठी! ज्या माणसाचा बाप गेला त्यानं. तुझे आणि त्यांचे उपकार मी कुठं ठेवू हेच मला समजंना.

त्याला बारा दिवस झाले. मी घोंगडी एकदाही पांघरली न्हाई. खुंटीला टांगून ठेवली, आणि खाली मी पोत्यात गुरफटून झोपायचो. सावळा म्हणाला, येडा का खुळा तू, एवढी उबदार घोंगडी टांगून पोत्यात झोपतोस. मी म्हटलं, जुनी आहे, जपतो. खोटं बोललो.

आता गेल्या शनिवारचं ऐक.

दुपारची जेवणं झाली होती. काहील उतरलेली. सावळा अंगणात वाळत घातलेल्या चिपाडाच्या कडंला, सावलीत, तोंडावर पटका टाकून आडवा झाला. मी चुलवाणाची राख ओढत होतो. वारा फिरला. धुराड्यातनं एक ठिणगी उडाली आणि सावळ्याच्या उशापासनं चार हातांवर चिपाडात पडली. धूर न्हाई, आवाज न्हाई, नुसता एक काळा ठिपका मोठा होत गेला आणि मग भपकन पेटलं.

मी ओरडलो. आक्का, असा ओरडलो की रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबला. धोंडाबाई घरातनं अनवाणी पळत आल्या. सावळा ताडकन उठून बाजूला झाला. सगळ्यांनी मिळून पाणी ओतलं, माती टाकली. दोन मोठ्या टोपल्यांएवढी चिपाडं जळली, त्यापलीकडं काही न्हाई. सगळी हसायला लागली. मी मातर ओरडतच होतो. सावळ्यानं मला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं आणि विचारलं, “आरं मी सावळा हाय. तात्या कोण?”

मला कळलंच नव्हतं. मी सगळा वेळ ‘तात्या उठा, तात्या उठा’ असंच ओरडत होतो.

घसा दोन दिवस बसला. बाईंनी वाटीत गरम काकवी दिली आणि बाकीच्यांना कामाला लावून माझ्यासमोर बसल्या. काठी आडवी मांडीवर. मग मीच सांगितलं. आजवर वकिलाला सांगितलं न्हाई, कोर्टात सांगितलं न्हाई, येरवड्यात शेजारी झोपणाऱ्याला सांगितलं न्हाई, ते पहिल्यांदा त्या बाईला सांगितलं. आता तुला सांगतो. तुला आधी सांगायला पाहिजे होतं.

तात्या वर आहेत हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी ते माझ्या बांधावरनंच शेरडं घेऊन चढले. माझ्याकडं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. प्याले, तोंड पुसलं, माझ्या पालापाचोळ्याकडं बघून म्हणाले, “एकटाच भाजतोस व्हय रं? आमच्या बंडूला बोलीव की.” मी म्हटलं, आवरतो तात्या, उद्या पोरगी बघायला जायचंय. ते हसले. म्हणाले, “मग आवर बाबा, पोरगी महत्त्वाची.” हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

राब भाजायचा तो पहाटं, वारा उठायच्या आत, आणि दोघातिघांनी, हातात ओले डहाळे घेऊन. हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. मी अकराला काडी लावली. नवी विजार शिवायला टाकली होती ती आणायला मार्गासनीला जायचं होतं, म्हणून. एका विजारीपायी, आक्का.

जाळ बांध ओलांडून गवतात शिरला तेव्हा मी वर बघितलं. हिरड्याखाली तात्या आडवे झालेले होते. पांढरा पटका स्वच्छ दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्यावर होते. उठून पलीकडच्या खडकावर जायला त्यांना दोन मिनिटं पुरली असती.

मी हाक मारली न्हाई.

भीतीनं वाचा बसली असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. बसली नव्हती. मी ती धरून ठेवली होती. मनात आलं, हाक दिली की अख्खी वाडी पळत येणार आणि बघणार, गोरखनं एकट्यानं, भर उन्हात, राब लावला. सगळी तोंडात शेण घालतील. मनात आलं, पायवाटेपाशी विझंल आपोआप, कुणाला कळायचंबी न्हाई. म्हणून तोंड मिटून डहाळ्यानं झोडपत राहिलो. विडी ओढून होईल एवढाच वेळ. मग जाळानं पायवाट ओलांडली आणि मी खाली पळालो. ओढ्यात जाऊन बसलो.

तुम्ही सगळी धावत आलात तेव्हा मी तिथंच होतो, भिजलेला. तू माझ्या अंगावर पदर टाकलास. तुला वाटलं मी आग विझवून दमलोय. तात्या सापडायचे होते अजून. तुझ्या पदराखाली बसून मला ठाऊक होतं ते कुठं आहेत, आणि तरीही मी बोललो न्हाई.

एवढंच. एवढं लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

कोर्टानं मला निष्काळजीपणाची शिक्षा दिली. ती मी भोगली आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगत फिरलो की मी एकदा चुकलो, मला काम द्या. आक्का, लोकं दार लावायची तेव्हा मला राग यायचा. पण आतनं एक समाधान पण असायचं, की बरोबर आहे त्यांचं. तुझी घोंगडी आली तेव्हा तसं समाधान मिळालं न्हाई. तू मला खोट्यावर माफ केलंस, आणि ते खोटं मीच मागच्या पत्रात तुला धाडलं होतं.

बाईंचं सांगायचं राहिलं. सगळं ऐकून त्यांनी मिसरी लावली. मला वाटलं, आता वळकटी बांधायची. उठल्या, काठी घेतली, म्हणाल्या, “मला सांगून काय उपेग? जिचं माणूस गेलं तिला सांग. आणि सकाळी पाचला चुलवाण पेटव.”

म्हणजे काम आहे माझं. खरं ऐकूनही आहे. असं एक माणूस मला भेटलं, एवढं मला आयुष्यभर पुरंल. म्हणून तुला लिहायचं बळ आलं, न्हाईतर घोंगडी खुंटीला आणि मी पोत्यात, असंच चाललं असतं.

दाजींना हे दाखवायचं की न्हाई ते तू ठरव. त्यांना कागद ठाण्यात न्यावासा वाटला तर खुशाल न्यावा. सही केलीय मी खाली. मी भोंगवली सोडून कुठं जाणार न्हाई.

घोंगडी ह्या पत्रासंगं परत धाडतोय. राग मानू नकोस. झटकून, ऊन दाखवून, तुझे लाल टाके वर येतील अशी घडी घातलीय. तुम्ही ती ज्या गोरखला दिलीत तो कुणी नव्हताच. आता जो आहे त्याला द्यायची की पेटीत ठेवायची, ते खरं समजून ठरवा. पेटीत ठेवलीत तरी माझी काही कुरकुर न्हाई. बारा दिवस माझ्या बहिणीनं मला निर्दोष धरलं होतं, दाजींनी माझ्यासाठी घोंगडी उन्हात टाकली होती, हे माझ्यापाशी राहीलच. तेवढ्यासाठी तुम्हा दोघांच्या पाया पडतो.

आणि परत आली, तर मी ती पांघरीन. मग राब भाजायला मला बोलवा. पहाटं येईन, ओला डहाळा घेऊन, आणि तोंड मिटून उभा राहणार न्हाई.

स्वरूपला सांगितलंय की पुढच्या बाजाराला वेल्ह्याची शेवटची एसटी येईपर्यंत टेम्पो हलवू नकोस. तो म्हणाला, थांबतो.

तात्या ज्याच्या हातचं पाणी प्याले
आणि ज्यानं तात्यांना हाक मारली न्हाई,
तो तुझा भाऊ
गोरख